पाठीवरची ओळ

भूपेंद्रभाईंनी कागद टेबलावरून सरकवला आणि तिला वाचायला सांगितलं.

रविनानं तो उभ्यानंच वाचला. सूतगिरणीची कामगार रविना पावरा हिने रविवारच्या शर्यतीत गिरणीचा गणवेश घालून राजकीय मत मांडले. पाठीवर कापड लावून ‘आंबाखोदऱ्याला रस्ता नाही तर मत नाही’ असे लिहिले होते. ऐन निवडणुकीत हे सेवाशर्तींच्या विरुद्ध आहे, तरी कारवाई व्हावी. खाली सही नव्हती. प्रती गिरणीच्या अध्यक्षांना, तहसीलदारांना आणि दोन वर्तमानपत्रांना गेल्या होत्या.

एकही शब्द चुकीचा नव्हता.

भूपेंद्रभाई गिरणीचे व्यवस्थापक. तीन वर्षांपूर्वी धडगावच्या मैदानावर तिला पळताना पाहून त्यांनीच नोकरी दिली होती. शर्यतीच्या दिवशी प्रकाशा गावच्या पुलावर, शर्यत संपली तिथं, तिच्या खांद्यावर शाल टाकणारेही तेच. त्यांनाही ती ओळ दिसली नव्हती. त्यांनी दार लोटून घेतलं, आणि कचेरीतली मराठी बाजूला ठेवली.

“पोरी, तू नही म्हण. धुकामा कोन्हीच देखं नही.”

“लिहिलं होतं, सर,” रविना म्हणाली. “मीच शिवलं ते कापड.”

खरंच, त्या सकाळी कोणाला काही दिसण्यासारखं नव्हतं. शहाद्यातून बाहेर पडल्यावर धुकं इतकं दाटलं की रस्ता पायाखाली आल्यावरच रस्ता वाटायचा. कडेची कपाशी कुठं संपते आणि धुकं कुठं लागतं, ते कळत नव्हतं. मागच्या मुलींची पावलं हळूहळू विरून गेली. रविनाला वाटलं आपण पळत नाहीच, कोणीतरी अलगद उचलून नेतंय. एका वळणावर तिला बहीणही दिसली, रमिला, डोक्यावर मोळी घेऊन उलट दिशेनं चाललेली, नेहमीसारखी न बोलता हसणारी. रविना थांबली नाही. थांबली असती तर ती नाहीशी झाली असती.

ती पहिली आली. पोचल्या पोचल्या पाठीवर शाल पडली. फोटो सगळे समोरून निघाले, छातीवर गिरणीचं नाव ठळक.

आता मात्र चौकशी टाळता येईना. आरोपपत्रात आरोप शब्दशः लिहावा लागतो, म्हणून ती ओळ आरोपपत्रात आली. आरोपपत्र फाटकाजवळच्या फलकावर लागलं. तिन्ही पाळ्यांची माणसं तिथं थांबून वाचू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चौकट आली. फोटो नव्हता, ओळ होती.

सूतखात्यात कापसाचे तंतू दिवसभर हवेत तरंगत असतात. त्या पांढुरक्या हवेत शेजारच्या यंत्रावरची सिंधुबाई रविनाच्या कानाशी आली. तक्रार कोणी केली, ते तिनं ठरवून टाकलं होतं.

“हेमकांतनंच लिखं व्हई. तो त्यास्ना माणूस शे.”

हेमकांत हजेरी घ्यायचा, आणि संध्याकाळी अध्यक्षांच्या पक्षाचा प्रचार करायचा.

“त्यांनी नाही लिहिलं, मावशी.”

“तुले काय माहीत?”

रविना तुटलेला धागा जोडत राहिली.

पण बोलणं पसरलं. हेमकांतबरोबर कोणी चहाला बसेना. तो बिचारा शपथा घेत फिरला, तशी लोकांची खात्रीच पटली. रविना रोज आपला पेला घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसू लागली. लोक म्हणाले, पोरीचं मन मोठं. ते ऐकलं की ती पेला अर्धाच ठेवून उठे.

चौकशीला अध्यक्ष स्वतः आले. कारकुनानं ती ओळ मोठ्यानं वाचली. हे आंबाखोदरं आलं कुठं, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा खोलीत कोणालाच सांगता आलं नाही. मग रविनानं सांगितलं. तिचंच गाव, धडगावकडच्या डोंगरात. जीप जिथं थांबते तिथून पुढे अकरा किलोमीटर पायवाट. गेल्या श्रावणात बहीण रमिला बाळंतपणात अडली. चार माणसांनी तिला बांबूच्या झोळीत घातलं, आणि रुग्णवाहिका थांबवून धरायला रविना पुढे पळाली.

“मी लवकर पोचले होते, साहेब,” ती म्हणाली. “झोळी मागून आली.”

कारकुनाचं लिहिणं थांबलं. भूपेंद्रभाईंनी चष्मा काढून पुसला. तेही कागदावर घ्या, असं रविना म्हणाली, आणि कारकुनानं घेतलं.

नियम नियमाच्या जागी राहिला. तिची नोकरी गेली. पण कागद तहसीलदारांकडून वर सरकला, उमेदवारांना सभेत प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि पंधरवड्यानं बापाचा फोन आला. रेंजसाठी तो टेकडीवर चढला होता. लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन माणसं डोंगर मोजायला आलीत, म्हणाला. एवढी माणसं आपल्याकडे कशाला आली असतील, असंही त्यानं विचारलं. रविना फोन कानाला लावून तिकडचा वारा ऐकत राहिली.

शेवटच्या दिवशी तिनं ओळखपत्र जमा केलं. सिंधुबाई रडली. हेमकांतपाशी जाऊन रविनानं हात जोडले, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला, म्हणाली. त्याचे डोळे भरून आले. तुझ्यामुळं कसला, असं तोच तिला समजावत बसला.

फाटकाबाहेर ऊन कोवळं होतं. पायांना वेग नव्हता, आणि तरी त्यांना जमीन लागत नव्हती. कुठंतरी काम शोधायला हवं होतं. शहाद्याच्या बसस्थानकामागं टायपिंगचं एक छोटं दुकान आहे. ती तिथं गेली आणि नोकरीसाठी अर्ज टाइप करायला सांगितला. दुकानातल्या प्रतिभाताईंनी तिला ओळखीचं हसू दिलं, बसायला स्टूल दिलं आणि अर्जदाराचं नाव विचारलं.

“रविना पावरा.”

प्रतिभाताईंची बोटं थांबली. त्यांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

“पण या रविना पावराविरुद्धची तक्रार तर मागच्या महिन्यात तुम्हीच माझ्याकडून टाइप करून नेली होती ना?”