आत्याचं दळण

लोह्यात एकोणीस वर्षं निबंधाची शिकवणी घेऊन राहिलो. पोरं फळ्यावरचं जसंच्या तसं लिहून घेतात, वाचत कुणीच न्हाई. लई थकलो. ठरवलं, आज एकानंबी वाचलं न्हाई तर उद्यापासून शिकवणी बंद.

फळ्यावर ‘माझी आत्या’ निबंध लिहिला आणि मधातच घुसडलं, ‘आत्या रोज हत्तीवर बसून दळण आणते.’

एकोणचाळीस वह्यांत आत्या हत्तीवर बसली. चाळिसावी वही घेऊन रुखसार उभीच.

“सर, ही ओळ खोडू का? आमची फुफी पायीच जाती. गिरणीपाशी म्हैस मावत न्हाई, हत्ती कुठं बांधायचा?”

“खोड की, माय!”

“राग न्हाई ना येणार? चूक तुमची हाय.”

“न्हाई गं. उद्या लाल पेन घेऊन ये. बाकीच्या आत्यांना तूच खाली घे.”