बाकी राहिलेला ठोका

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या एका तळघरात बुटांच्या ठोक्यांनी ताल धरत टॅप नाचणाऱ्यांचा एकच कायदा होता: दुसऱ्याची स्टेप जशीच्या तशी उचलायची नाही. उचलणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नसे. तरीही ल्यूशस पेटवेचा कुणावर भरवसा नव्हता. आज संध्याकाळच्या खेळासाठी सुचलेली स्टेप त्याने अजून पायांतसुद्धा आणली नव्हती, नुसती मनात घोळवत होता. गुडघ्याने दगा दिल्यानंतर मिळालेला हा शेवटचा खेळ होता.

दुपारी तो बाकावर बसला होता. तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेले बूट अजून पिशवीतच होते. तेवढ्यात लाकडी जमिनीवर ठकठक सुरू झाली.

पियानोपाशी पाठमोरा बसलेला ओडेल खुशीत ओरडला, "अरे वा, म्हाताऱ्या! हे कधी बसवलंस?"

ल्यूशसने पिशवी चाचपली; बूट आतच होते. वाजत होती ती त्याचीच स्टेप. टाचेची ती फसवी घसरण, मधेच रोखलेला दम, सगळं तेच.

"ओडेल, मी नाचत नाहीये."

"चल, थापा मारू नकोस. कान आहेत मला."

समोर कुणीच नव्हतं. आवाज मात्र सरकत सरकत बाकापर्यंत आला आणि शेवटचा ठोका बाकी ठेवून थांबला. ठोका बाकी ठेवायचा म्हणजे समोरच्याला आव्हान द्यायचं, हे तिथे शेंबडं पोरही जाणून होतं.

"अरे, संपव की आता!" ओडेल म्हणाला.

ल्यूशसने दोन्ही गुडघे हातांनी घट्ट दाबून धरले. तरी मोज्यातला उजवा पाय वर उचलला गेला आणि खाली आला.

लोखंड वाजलं.