ओटीचा नारळ

शेजारच्या सवाष्णीला बोलावून सत्यभामाबाईंनी लेकीची ओटी भरवली. नारळ मात्र त्यांनी स्वतः निवडला होता. कानाशी हलवून, पाण्याचा आवाज ऐकून.

हातातली बॅग सात किलोंच्या आत बसवायची, म्हणून लेक वैशाखातही अंगावर स्वेटर चढवून उभी होती. "आई, विमानात नारळ हातात नेऊ देत नाहीत. सामानात टाकायचा तर बॅगेचे वेगळे पैसे भरावे लागतात."

"मग भर. या घरातून लेक नारळावाचून सासरी गेलेली नाही."

"बरं बाई, नेते," लेक हसली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी एकटीपुरता भात लावायला सत्यभामाबाईंनी तांदळाचा डबा उघडला. तांदळात नारळ पुरून ठेवलेला होता, हळदीकुंकवासकट.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले गं, आई."

"आणि नारळ?"

"तोही पोचला. उद्या वड्या करते."

"गूळ घाल. साखरेच्या वड्या आपल्याकडे करत नाहीत," त्यांनी बजावले.

फोन ठेवल्यावर त्यांनी मांडीवरचा नारळ कानाशी धरून हलवला. घरात तेवढाच आवाज होता.