भट्टीची वेळ

बाळ रोज अंधारातच टक्क जागं व्हायचं आणि दाराकडे हात पसरायचं. बेकरीत भट्टी पेटवायला निघण्याआधी बाप त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरवायचा, त्याची ही सवय. बाप अपघातात गेला, तरी ती मोडली नव्हती. बाळाबरोबर त्याची आईही दाराकडे बघत बसायची.

"अगं, सूर्य तरी उगवू दे म्हणावं याला," थोरल्या जाऊबाई म्हणायच्या. "रात्री जरा उशिरा झोपवत जा, म्हणजे तुझाही डोळा लागेल."

ती मात्र बाळाला रोजच्याच वेळी झोपवायची. बाई दगड झालीय, डोळ्यांतून टिपूस नाही, असं शेजारीपाजारी बोलायचे.

आज तिला जाग आली, तेव्हा ऊन पाळण्यावर आलं होतं. बाळ गाढ झोपलेलं होतं.



नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली. तोंडावर हात दाबून, बाळाची झोप मोडू नये म्हणून.