नितेशचा टॉवेल

आमच्या मुलीचं, आचलचं, लग्न झालं, त्याच वर्षी तिचा भाऊ नितेश नोकरीसाठी पुण्याला गेला. लग्नाच्या आहेरात आलेला एक जाड, पांढरा टॉवेल माझ्या बायकोने, शेवंताने, त्याच्यासाठी बाजूला ठेवला. कोणी वापरत नसतानाही ती तो सोडा टाकून उकळायची, स्लॅबवर कडक उन्हात वाळवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायची. मी एकदा मागितला, तर म्हणाली, "तुमचा आंग पुसाचा दुपट्टा फाटला का जी? लेकरू आल्यावर त्याले काय देऊ?"

बऱ्याच वर्षांनी नितेश दिवाळीला घरी, वलगावला, आला. शेवंताने टॉवेल पुढे केला, तर त्याने बॅगेतून स्वतःचा काढला. "राहू दे आई. घरच्या टॉवेलाले वास येते." हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही त्याने.

तो परत गेल्यावर शेवंता टॉवेल नाकाशी धरून बसली. "मले तं काही वास येऊन नाही राहिला जी. तुमी पाहा बरं."

पौषात नितेश पुन्हा आला, घाईघाईने, बॅग न घेता. स्मशानातून परतल्यावर अंगणातच त्याने अंगावर पाणी घेतलं आणि कुडकुडत म्हणाला, "बाबा, माझा तो टॉवेल द्या न."


"तुह्या मायले शेवटची आंघोळ घातली, तवा त्यानंच पुसलं. तिच्याच संगं गेला तो."

शेवंता पौष पौर्णिमेला पहाटे गेली.