एका गोळीच्या वीस पुड्या

गोळीच्या खोक्यावर छापलं होतं, ‘फक्त मोठ्या माणसांसाठी’. पण एवढ्याशा जिवासाठी ते औषध कुणी बनवतच नाही. म्हणून तुमिनी, जिला सगळे ‘बू’ म्हणजे बाई म्हणत, दर गुरुवारी बिस्मिल्ला म्हणून दवाखान्याच्या खलात एक गोळी घोटायची आणि तिच्या वीस पुड्या बांधायची. वरच्या काचेच्या खोलीतलं ते बाळ तिनं कधी पाहिलं नव्हतं. चिठ्ठीवर नावही आईचंच असे, ‘वियार्तीचं बाळ’.

एका सकाळी चिठ्ठीवर विसाच्या सोळा पुड्या झाल्या.

“पुडी जड झाली, म्हणजे वजन वाढलं गं पोराचं!”

“बू, तुम्ही तर आजीच झालात! मग बारशाची तांबडी खीर कधी?” शेजारी लेबलं चिकटवणाऱ्या रत्रीनं चिडवलं.

पुढच्या गुरुवारी चिठ्ठी आलीच नाही. बूचा नेहमीचा गुरुवारचा रोजा होता.

“वर विचारून येऊ का?”

“नको गं. घरी गेलं असेल.”

घरी गेलेल्या बाळाची चिठ्ठी त्याच्या स्वतःच्या नावानं येते, आणि ते नाव तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून त्या औषधाच्या चिठ्ठीवर नवं नाव दिसलं, की ती ते आधी हलकेच, हाक मारल्यासारखं वाचते. मगच खल पुढे ओढते.