रंगाच्या डब्यांतली बाग

"शी," म्हातारा म्हणाला.

सुनेने टोमॅटोचं रोप काळ्या पिशवीसकट डब्यात पुरलं होतं. पिशवी आधी काढायची असते, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या हातातलं खुरपं गळून पडलं. क्षणभर ती सासऱ्याकडे बघत राहिली आणि ओढणी तोंडाला लावून घरात पळाली.

कुंपणापलीकडून शेजारीण हे पाहत होती. ती नवीनच राहायला आली होती, पण माणसं ओळखायला आपल्याला दोन दिवस पुरतात, असं तिचं म्हणणं असे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी हुंदके ऐकू आले, मग फोनवरचं बोलणं.

"अहो, बाबा मला 'शी' म्हणाले. हो, तोंडावर!"

नवरा भर दुपारी काम टाकून घरी आला. आता बापलेकांची जुंपणार, म्हणून शेजारीण हातातलं काम सोडून उभी राहिली. पण तो बापासमोर नुसता उभा राहिला, डोळे पुसले आणि निघून गेला. संध्याकाळी येताना आणखी चार रिकामे डबे घेऊन आला. तो रंगारी होता. डब्यांना तोटा नव्हता.

"बायकोची बाजू घ्यायची सोडून डबे आणतोय," शेजारीण पुटपुटली. "नंदीबैल."

म्हातारा चौतीस वर्षं शहरातल्या मोठ्या बागेचा मुख्य माळी होता. त्याने नुसतं पाहिलं तरी हाताखालची माणसं सरळ व्हायची. आता तो मागच्या अंगणात खुर्ची टाकून, काठीवर डावा हात ठेवून, दिवसभर सुनेची बाग बघायचा.

बाग कसली! बुडाला भोकं पाडलेले डबे, सिमेंटची फाटकी पोती आणि एक फुटकं बेसिन. बियाणं विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून तिने सडत आलेल्या टोमॅटोच्या बिया कागदावर वाळवल्या होत्या, कोंब फुटलेले बटाटे कापून लावले होते, मसाल्यातले धने पेरले होते. खत म्हणजे भाज्यांची सालं आणि चहाचा चोथा.

"भंगार," म्हातारा म्हणाला. हा दुसरा आठवडा.

धने तिने न रगडता टाकले, उगवले नाहीत. पालक वीतभर खोल पुरला, तोही गेला. "खोल. मूर्ख," म्हातारा म्हणाला. लसणाच्या पाकळ्या तिने शेंडा खाली करून लावल्या. त्यावर म्हाताऱ्याने काठी आपटली.

"उलटा लसूण. डोकं उलटं."

"काय म्हणालात, बाबा?" ती हात पुसत जवळ जायची. "मग कसा लावू?"

संतापाने म्हाताऱ्याचा चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, जीभ अडखळायची. पण सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी चुकवायची.

शेजारणीला एका गोष्टीचं नवल वाटे. घराच्या पुढच्या बाजूला, जिथे म्हातारा कधी बसत नसे, तिथले हिचे टोमॅटो काठीला लगडले होते. आंधळ्याने मारलेला दगडही कधी कधी लागतो, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

"अगं, स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?" एकदा तिने सुनेला कुंपणाशी गाठलं. "एकदा चांगलं उलट उत्तर दे त्यांना."

"देईन की. अजून त्यांचं बोलून झालं नाही."

"तुझ्यासारख्या गोगलगायींमुळेच असे म्हातारे माजतात." शेजारणीने तिच्या हातात एक चिठ्ठी कोंबली. "वृद्धाश्रम आहे. चांगला आहे. फोन कर."

बाग सुरू झाल्यापासूनच्या आठव्या महिन्यात म्हाताऱ्याला ताप आला. ताप उतरला, पण तो गप्प झाला. दहा दिवस अक्षर नाही. घराला शांतता मिळाली, असं शेजारणीला वाटलं. सुनेच्या डोळ्यांखाली मात्र काळं दिसू लागलं. ती जेवेनाशी झाली.

अकराव्या दिवशी सकाळी तिने विळा घेतला. अंगणातल्या सगळ्या बागेत खऱ्या अर्थाने जगलेला एकच भोपळ्याचा वेल होता. त्याला मुठीएवढी फळं धरली होती. सासऱ्याच्या डोळ्यांदेखत तिने तो मुळाशी कापला.

"अगं, फळ धरलेला वेल कापतं का कुणी?" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "दगड! माझ्या हाताखाली असतीस तर पहिल्याच दिवशी हाकलली असती. तुझी झाडू धरायचीही लायकी नाही!"

सून मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे गदगदत होते. शेजारणीला ते बघवेना. तिने खिडकी लावून घेतली.

वर्ष सरलं आणि एका सकाळी हातात जाड फाइल घेऊन एक बाई आल्या. आली वृद्धाश्रमाची बाई, शेजारीण मनात म्हणाली. उशिरा का होईना, हिला अक्कल आली.

त्या बाई म्हाताऱ्यासमोर बसल्या. म्हाताऱ्याने कुणी काही विचारायची वाटच पाहिली नाही.

"बघा, बघा हे वांगं! याला वांगं म्हणायचं? हिच्या हाताला झाडं लागत नाहीत, मरायला येतात. वर्षभर शिकवतोय मी. भिंतीला शिकवलं असतं तर एव्हाना भिंतीला मोहोर आला असता. आणि हिचा नवरा, माझाच मुलगा, तो डबे पुरवतो! काय म्हणावं या दोघांना?"

बाईंच्या हातातला चहा निवला. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. म्हातारा दमून थांबला तेव्हा त्या उठल्या. सून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. शेजारीण कुंपणाला कान लावून होती.

बाईंनी फाइल उघडून पहिला कागद पुढे धरला.

"हे गेल्या वर्षी मीच लिहिलं होतं. पक्षाघाताच्या झटक्यात यांची वाचा कायमची गेली, आता एक शब्दही परत येणार नाही." त्यांनी फाइल मिटली. "आता पुढे काय करणार आहेस?"

सुनेने मागे वळून सासरा ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "यंदा मिरच्या सावलीत लावतेय, डॉक्टर."